तळातलं पाकीट

जानेवारीत सगळं निम्म्या किमतीला मिळतं,
रॉबिन पक्षीसुद्धा.
दहाच्या खोक्यात चार चित्रं:
रॉबिन आधी संपतो, मग बर्फातलं चर्च, मग घसरगाडी.
मागे उरतात ते तीन राजे
आणि त्यांचा तो तिरळा उंट,
जो कुणालाच पाठवावासा वाटत नाही.

मला टाकवत नाही.
बुटांच्या खोक्यात ठेवते,
झाकणावर पेन्सिलीने साल लिहिते,
पुढच्या वर्षी खोडून नवं.
पुठ्ठा त्या जागी पातळ झालाय.

विल्फ म्हणायचा, तुझ्या उंटांची रांग
बेरिकपासून सरहद्दीपर्यंत जाईल.
आणि स्वतःच सेलमधून
आणखी दोन खोकी घेऊन यायचा.

यादी तेव्हा बत्तीस नावांची होती,
आता अकरा.
काटछाट मी केली नाही, होत गेली.
कुणी ऑस्ट्रेलियात मुलाकडे,
कुणी चर्चमागच्या उतारावर.
कार्डं त्यामुळे उरतात ती उरतातच,
पाकिटं तेवढी कमी पडतात.
चौकोनी कार्ड लांबट पाकिटात कोंबते,
डिंक वाळलाय, चिकटपट्टी लावते.

विनी हेपलला गेल्या वर्षी उंट गेला.
आदल्या वर्षीही उंटच होता, ती फोनवर म्हणाली.
मी म्हटलं, तोच आहे तो,
हळू चालतो,
अजून पोचतोच आहे.

या डिसेंबरात खोकं उपडं केलं.
तळाशी एक पाकीट, बंद.
माझंच अक्षर, तेव्हाचं, ताठ उभं:
डोरीन फॉस्टर, सहा, कासल टेरेस.
राणीचं तिकीट, शिक्का न बसलेलं.

ते तिथे आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही.
दरवर्षी बोटांना लागायचं,
दरवर्षी मी त्याच्या वरचे उंट उचलायचे.

चॅपलच्या विक्रीत अकरा पौंड कमी भरले होते.
मी काही बोलले नाही.
तिच्या पर्सकडे बघितलं फक्त,
आणि बघताना तिने मला बघितलं.
मार्चमध्ये सापडले,
पियानोच्या स्टुलात, भजनांच्या वह्यांखाली,
रबर बँड लावलेले.
सगळ्यांना सांगितलं मी. तिला सोडून.
डिसेंबरात कार्ड लिहिलं, चिकटवलं,
पोस्टाच्या पेटीपर्यंत नेलं.
तिथे मिसेस डग्लस कुणाशी तरी बोलत उभ्या होत्या,
म्हणून परत आणलं.

म्हणून.
सदतीस वर्षं.

किटलीच्या वाफेवर धरून उघडलं.
आत रॉबिन!
म्हणजे चांगल्यातलं दिलं होतं मी तिला.
खाली लिहिलेलं: तुम्हा दोघांना नाताळच्या शुभेच्छा,
येत्या वर्षी नक्की भेटू.
साल नाही. कार्डावर कुणी साल घालत नाही,
म्हणून तर ती ठेवता येतात.

डोरीन हल्ली अ‍ॅनिकला, वृद्धाश्रमात.
विनी सांगते, माणसं ओळखते अजून,
वाटलं तर.
दोघांतलं दुसरं आता तिच्याकडे नाही,
माझ्याकडेही नाही.
तो शब्द खोडायला पेन उचललं,
पण खोडलं की काय खोडलं तेच आधी दिसतं.
राहू दिलं.
शेजारी बारीक अक्षरात लिहिलं:
पैसे पियानोत होते.

पत्ता बदलला.
जुनं तिकीट चालत नाही म्हणे आता,
ते काढलं नाही, बाजूला नवं लावलं.
पेटीपाशी आज बोलत उभं असं कुणी नव्हतं.

घरी येऊन, कोट न काढताच,
उरलेले उंट मोजले. एकोणीस.
येत्या जानेवारीत काही घ्यायचं नाही,
असं ठरवलंय.
बघू.